सव्वा व्होल्ट

वेंगुर्ल्यात बंदराच्या रस्त्याला, बर्फाच्या फॅक्टरीला लागून
माझी दहा बाय बाराची खोली. दोघांत भिंत एकच.
तिकडून गार, इकडून गरम.
मधल्या चिऱ्यांना काय वाटत असेल, ठाऊक नाही.

प्रोसेसर जुना, कोल्हापुरातून आणलेला.
खोक्यावर वेग लिहिलाय चार पूर्णांक दोन.
मला हवा होता चार पूर्णांक आठ,
कारण लग्नाची एक फिल्म नऊ तास शिजते,
मे महिन्यात बावीस लग्नं झाली,
आणि आरवलीच्या नवरीचा भाऊ रोज फोन करतो.

अकरानंतर बसायचं.
तोवर वाडीतले पंप, मिक्सर झोपलेले असतात
आणि स्टॅबिलायझरचा काटा दोनशे दहाला चिकटतो.
बायोसमध्ये गुणक एक घर वर.
व्होल्टेज चिमूटभर.
सेव्ह. मग ते दोन-तीन सेकंद:
पंखे एकदम ओरडतात, पडदा काळा,
आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली.

चार सहा, चालला.
चार सात, चालला, ब्याऐंशी अंश.
चार आठलाही चालला
तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत,
मग निळा पडदा, त्यावर ते रडकं तोंड.
मी आणखी पाजलं. एक पूर्णांक पस्तीस.
चौऱ्याण्णव अंश.
बाजूचं पान उघडलं तर कूलरच्या पात्यांवर
मिठाची बारीक पांढरी लव.
टूथब्रशनं घासली, पुन्हा लावलं.
पुन्हा रडकं तोंड.

बस्त्याव फर्नांडिस रात्रपाळीला कॉम्प्रेसर राखतो,
एकतीस वर्षं; अमोनिया त्याच्या शर्टाच्या बटणांत मुरलाय.
दर तासाला वहीत प्रेशर लिहितो
आणि तंबाखू मळत माझ्या दारात येऊन उभा राहतो.
त्यानं डब्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
‘काय गो, किती पाजतंस त्येका?’
एक पस्तीस, म्हटलं.
‘आणि तो मागता किती?’

हे मी विचारलंच नव्हतं.

‘मशीन ऐकता गो,’ तो जाताजाता म्हणाला,
‘पण विसारणा नाय.’

मग उतरायला लागले.
चार सातवर येऊन, एकेक चिमूट काढत.
एकाच चकतीतून कापलेले तुकडे,
पण नारळ कानाशी हलवल्याशिवाय आतलं पाणी कळत नाही;
याला किती पुरतं ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
एक तीसला चालला. एक अठ्ठावीसला चालला.
भार आला की व्होल्टेज जरा वाकतं,
वहाळावर पोफळीचा साकव माणसाच्या पायाखाली वाकतो, तसं.
आधी मी ते वाकणं ताठ करायच्या मागे होते.
आता सोडून दिलं. वाकू दे, वर येतोय ना.

एक बावीसला पडला.
एक तेवीसला चाळीस मिनिटं टिकला, मग पडला.
एक पंचवीस. म्हणजे सव्वा.
आमच्याकडे सव्वा म्हटलं की पुढे रुपया,
नारळ, आणि ‘बा देवा म्हाराजा’पासून सुरू होणारं गाऱ्हाणं.
मी काही म्हटलं नाही. एंटर दाबलं.
पण दाबताना पायातली चप्पल काढली होती,
हे नंतर लक्षात आलं.

रात्र गेली. एकाहत्तर अंश, एकही चूक नाही.
पंख्यांचा आवाज इतका खाली आला
की भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर पहिल्यांदाच नीट ऐकू आला:
तीन ठोके, एक उसासा, तीन ठोके.

आरवलीची फिल्म साडेसात तासांत निघाली.
भावाचा फोन आला. सुंदर झालीय म्हणाला,
फक्त हळदीचं गाणं बदला.

संध्याकाळी बर्फाचा तुकडा मागायला फॅक्टरीत गेले.
बस्त्यावची वही टेबलावर उघडी होती,
तासातासाचे प्रेशरचे आकडे, निळ्या शाईत, तिरके.
पहाटे चारच्या ओळीपुढे, समासात,
पेन्सिलीनं एक जास्तीचा आकडा:
शेजारीण, ७१.