शब्द एकोणीस

रविवारी सकाळी सात चाळीसला
वडगावातले माग बंद असतात.
एरवी आमच्या गल्लीत रेडिओ ऐकायचा म्हणजे
खटखटीच्या पोत्यात डोकं घालून बसणं.
आज फक्त खालच्या घरातला मिक्सर,
तोही शिरसंगीबाई माझ्यासाठी आठनंतर लावतात.

वही. घड्याळ. सेट बॅटरीवर,
कारण लाइट गेलीय असं धरून चालायचं, हाच तर सराव.
"सर्व स्टेशन्स, नेट सुरू होतंय.
तातडीचं काही असेल तर आधी बोला."
बटण सोडते.
खरखर.
दहापर्यंत मोजते. तातडीचं कुणाकडंच काही नसतं.
तरी दहाचे आठ मी कधी केले नाहीत.

मग एकेक जण येतो.
खानापूरहून कैतान मेस्त्री, घाईत, चर्चला जायचंय की.
गोकाकहून राजेसाब नदाफ, गाद्यांच्या दुकानातून,
आकडे कन्नडात सांगतो, मी मराठीत उतरवते,
आजवर बेरीज चुकलेली नाही.
निपाणीची विजयमाला, परवाना मिळून तीन महिने,
अजून "ओव्हर" म्हणताना हसते.
शेवटी सदलग्याहून पायगोंडा अण्णा,
टेलिफोन खात्यातले रिटायर लाइनमन.
बांबूला बांधलेल्या अँटेनातून इतके बारीक येतात
की विजयमालाला मध्ये उभं राहावं लागतं,
त्यांचं वाक्य उचलून माझ्यापर्यंत आणायला.

प्रत्येकाला मी आधीच पाकीट धाडलेलं.
आत खोटा निरोप: अमका पूल बंद, तमकं इंजेक्शन हवं.
वाचण्याआधी तीनदा म्हणायचं, सराव, सराव, सराव,
संपल्यावर परत तीनदा,
वाटेत ऐकणारं कुणी घाबरू नये म्हणून.

अण्णांच्या पाकिटात दूध पावडर होती, वीस पुडे.

"सराव, सराव, सराव. शब्द एकोणीस."
मी पेन टेकवलं.
शाळेच्या गच्चीवर अकरा माणसं.
दोन लेकरं. एक बाळंतीण.
पाणी दहाव्या पायरीला.
म्हैस सोडली.
दोर पाहिजे. कंदील आहे.
नाव पाठवा.
बेग.

"नाव? कुणाचं नाव?"
विजयमाला विचारून आली. ती हसत नव्हती.
"होडी हो. दोणी."

मी मोजले. परत मोजले, बोटानं.
"अण्णा, शब्द तपासा. माझ्याकडे वीस भरतात."

खरखर.
मग विजयमाला, थांबत थांबत:
"अण्णा म्हणतायत, कागद जुना आहे.
त्या ऑगस्टात गच्चीवरच लिहिलेला.
टॉवर पडलेले, लायनी पाण्याखाली,
आणि त्यांच्याकडे सेट नव्हता.
द्यायला कुणी मिळालं नाही, म्हणतायत."

नेटवर मला विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नसतं.
राजेसाब बोलला. "अण्णा, ती अकरा?"

यावेळी थेट आला अण्णांचा आवाज,
काय माहीत कसा, वारा फिरला असेल.
"आली सगळी. तिसऱ्या दिवशी.
म्हैस नाही."
आणि मग, "बाई, लिहिलेले एकोणीसच.
बेग आत्ता तोंडात आलं. खोडा ते."

खाली मिक्सर सुरू झाला, आठ वाजून गेलेले.
त्या घरघरीतून मी नियमाप्रमाणे बोलले:
निरोप मिळाला, वेळ आठ शून्य दोन.
अण्णांनी तीनदा सराव म्हटलं,
तिसरा ऐकू आला नाही, मी धरून घेतला.

कैताननं चर्चला उशीर झाल्याचं सांगितलं नाही.
पुढच्या रविवारची पाळी राजेसाबची.
दूध पावडरचा निरोप परत पाठवायचा आहे.

वहीत शब्दांचा रकाना अरुंद असतो.
त्यात मी वीस लिहिलंय.