पाच मिनिटं थांबा

टेलफर्डच्या औद्योगिक वसाहतीत, गालिच्यांच्या गोदामाला लागून
आमच्या कंपनीचं प्रशिक्षण केंद्र.
भिंतीवर सात इन्व्हर्टर,
त्यातले चार आम्हीच मुद्दाम बिघडवलेले.
तिसऱ्या दिवशी परीक्षा: बिघाड शोधा,
मग चाळीस प्रश्न, दीड तास.
पास झालात की एक नंबर मिळतो.
नंबर असला, की फोनवर मी तुमची.
नसला, तर माफ करा,
पुस्तिकेचं पान एकवीस बघा.

इदवल प्रोसर, वय एकसष्ट, वेल्सच्या डोंगरातला.
चारही बिघाड त्यानं अकरा मिनिटांत काढले.
मान कलती करून ऐकायचा,
खरबूज पिकलंय का बघताना माणूस थांबतो तसा.
चाळीस प्रश्नांपैकी सोडवले नऊ.
नऊच्या नऊ बरोबर.
नापास, मी लिहिलं.
"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला.
चष्म्याची दांडी त्याच्या खिशातून डोकावत होती.
मीही काही बोलले नाही.

जानेवारी. शनिवार, रात्रीचे पावणेदहा.
हेडफोनमध्ये नुसता वारा.
"प्रोसर बोलतोय. आठवतो का?"
"सर्टिफिकेट नंबर?"
हे माझ्या तोंडून आधी गेलं, ओळख नंतर.

शेजारी बीवन म्हणून म्हातारं जोडपं.
तिथवर सरकारी तार कधी गेलीच नाही,
छपरावर पॅनल, गोठ्यात बॅटऱ्या.
आणि मिस्टर बीवन जिन्याच्या चढत्या खुर्चीत
बरोब्बर मधोमध अडकलेले.
"ब्लँकेट दिलंय. चहा दिलाय. आता रागावलेत."

"पडद्यावर काय आलंय?"
"लाल आहे."
"आकडा कुठला?"
"लाल आहे, बाई."

एवढ्यावर मला सगळं कळलं.
ती दांडी, ते नऊ.
म्हटलं, फोन त्याच्या अंगाला लावा.
टक्.
तीन श्वास.
टक्.
रिले धरतोय, आणि सोडतोय.
"बॅटरीकडे काहीतरी ढिलं आहे,"
आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"आधी पॅनलचा आयसोलेटर. मग बॅटरीचा."
"केलं."
"आता पाच मिनिटं थांबा.
आत साठलेलं उतरू दे."

पाच मिनिटं फार लांब असतात.
तो म्हणाला, शाळेत अक्षरं जागेवर बसायचीच नाहीत,
मास्तरला वाटायचं, हाच बसत नाही.
मी म्हटलं, आमच्या भाषेत लाईट जाते आणि येते,
पाहुणी असल्यासारखी.
"जाते कुठे?"
ते आमच्याकडे कुणी विचारत नाही, मी म्हटलं.
जिन्यावरून बीवन ओरडले: झालं का?

मग पान्याचा आवाज.
"किती आवळायचं, ते पुस्तिकेत..."
"चौदा न्यूटन-मीटर," तो म्हणाला,
"दुसऱ्या दिवशी, जेवणाआधी, तुम्हीच सांगितलंत."

क्लिक.
मग बारीक गुणगुण.
मग दूर कुठेतरी मोटर घरघरत
एकेक पायरी वर चढत गेली.
जीव भांड्यात पडला, आपण म्हणतो.
भांडं अठ्ठेचाळीस व्होल्टचं असतं,
हे मला त्या रात्री कळलं.

नोंदवहीत नंबरचा रकाना कोरा ठेवला.
सोमवारी ऑग्डनसाहेबांनी बोट ठेवलं: हे काय?
म्हटलं, त्याची परीक्षा मी वाचून घेणार आहे.
नियमात बसत नाही, ते म्हणाले.
नियमात 'परीक्षा' आहे, 'लेखी' कुठेच नाही.
मी रविवारभर तेच वाचत होते.

मार्चमध्ये तो आला. मेंढ्यांचा वास घेऊन, चष्म्याशिवाय.
मी चाळीस प्रश्न मोठ्यानं वाचले,
तो डोळे मिटून ऐकत होता.
अडतीस बरोबर.
चुकलेल्या दोनांपैकी एक
प्रश्नच चुकीचा छापला होता.
ते त्यानं नंतर, चहा ओतताना, हळूच सांगितलं.