खिशातला कांदा

परवापासून शाळा सकाळची झाली.
दिव्याच्या उजेडात वेण्या घालते समीक्षाच्या,
ती बसल्या बसल्या झोपते,
फणी अडकली की म्हणते, "हजर, मॅडम!"

सुजल नव्या माठाला जीभ लावून पाहतो.
"माय, हा बिस्कुटावानी लागते."
पहिलं पाणी कडुलिंबाला ओतलं,
दुसरंही.
उद्यापासून पिऊ.

झळा अजून सुरू व्हायच्यात,
तरी दोघांच्या खिशात एकेक कांदा.
सासू टाकायची म्हणे यांच्या,
हे वाटेतच मीठ लावून खायचे.

दुपारी दोघं परतली,
तोंडं पळसासारखी, चपला हातात.
कांदा एकच.
"दुसरा कुठंय?"
सुजल अंगठ्यानं शेण कोरत राहतो.
"वासराले देल्ला.
त्याले खिसा नाई."

गोठ्यात जाऊन पाहिलं.
दाव्याला चिंधी, चिंधीत कांदा,
गाठ समीक्षाची, बुटाच्या नाडीसारखी,
चिंधी माझ्या पोलक्याची.

खिसा तर मलाही नाही.
बोलले नाही काही.
ऊन ओसरीवर चढलं तशी
झोपलेल्या दोघांसकट खाट सरकवली,
मग अजून एकदा,
मग भिंत आली.

संध्याकाळी वासरू रवंथ करत होतं,
दाव्याला नुसती गाठ.