उभं राहायची जागा

सोमवारी फक्त बुटांचं माप घेतलं
आणि सतरा ठिकाणी सही.
कानाचे बोळे पिवळे, हेल्मेट हिरवं.
हिरवं म्हणजे नवखी,
म्हणजे हिच्यावर लक्ष ठेवा.

मंगळवारपासून मी ताइस्तो केम्पाइनेनची सावली.
कॉलेजच्या पत्रात तसंच लिहिलंय: एक आठवडा, सावली म्हणून.
केमीत डिसेंबरात सूर्य साडेदहानंतर उगवतो
आणि दीडच्या आत आवरतं घेतो.
माणसांना स्वतःच्या सावल्या परवडत नाहीत या दिवसांत,
म्हणून कागद गिरणीने कॉलेजातून मागवली असावी.

ताइस्तो चालतो भराभर, बोलतो क्वचित.
पहिल्या तासाभरात तीन वाक्यं:
हात खिशात नकोत.
फिरत्या रोलरकडे पाठ नको.
आणि जिथे तुला धडकून कुणी पडणार नाही
अशी एक जागा शोध, तिथे उभी राहा.

शोधली.
चौथ्या खांबाशी, आग विझवायच्या लाल नळकांड्याच्या डावीकडे.
बाहेर उणे बावीस, आणि इथे माझ्या पाठीवरून घाम.
समोरून कागद चाललेला
इतका वेगात, की थांबल्यासारखा दिसतो.
बोट लावून बघावंसं वाटतं.
(बोट लावू नये, हे सतराव्या सहीच्या वर छापलेलं होतं.)

बुधवारी तो तुटला.
भोंगा, लाल दिवा,
आणि सहा माणसं एकमेकांकडे न बघता
सहा दिशांना धावली,
शेगडीवर दूध उतू गेल्यासारखी.
रीक्का ओयाला, माझ्याहून नऊच वर्षांनी मोठी,
हवेच्या नळीने फाटका कागद खाली लोटत होती
आणि यंत्राला अशा शिव्या देत होती
ज्या फक्त घरच्या माणसाला देतात.
मी खांबाशी.
अकरा मिनिटं.
परीक्षेत कोरा पेपर देतानासुद्धा
मी इतकी बिनकामाची नव्हते.

नंतर कॉफी ओतताना रीक्का म्हणाली,
"तू हलली नाहीस."
मला वाटलं, टोमणा.
"मी हलले होते, माझ्या पहिल्या वेळी,"
आणि तिने उजवी करंगळी दाखवली,
जी आता सरळ होत नाही.

गुरुवारी वाटाण्याचं सूप, कारण गुरुवार होता.
मग ताइस्तोने खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं,
मूठ माझ्या कानामागच्या हाडावर.
"ऐक."
काय ऐकू?
"आधी चांगलं ऐक."
आणि तो मला एकामागून एक अकरा बेअरिंगांपाशी घेऊन गेला,
ज्यांना काहीही झालेलं नव्हतं.
घट्ट बर्फावरून कुणी स्लेज ओढत नेतंय,
दूर, न थकता, असा आवाज.
बाराव्यापाशी स्लेजमध्ये
एक चमचा पडला होता.

मी सांगितलं. छाती धडधडत होती, म्हणजे खरोखर,
मला ती स्क्रू ड्रायव्हरमधून ऐकू येत होती.
ताइस्तोने ऐकलं. चष्मा लावला. परत ऐकलं.
सतरा नंबरचा पाना घेऊन आला
आणि बेअरिंगच्या नाही, शेजारच्या जाळीच्या कव्हरचा
एक सैल बोल्ट दीड फेरा आवळला.
चमचा गप्प.

इतकंच. माझे कान लाल,
हेल्मेट अजून हिरवं.
पण त्याने नोंदवही उघडली, वेळ घातली, १४:२०,
'कव्हरचा बोल्ट सैल, आवळला. ऐकणारी:'
आणि माझं आडनाव त्या रकान्यात मावेना,
तेव्हा 'पिह्ला वुओन्ति' एवढंच लिहून
उरलेलं आडनाव त्याने समासात चढवलं, उभं,
खांबाशी उभं केल्यासारखं.

शुक्रवारी आईने पावाला लोणी लावता लावता विचारलं,
काय केलंस आठवडाभर?
उभी राहिले, म्हटलं.
तिने अजून एक तुकडा माझ्याकडे सरकवला.

रात्री फ्रीज घरघरत होता.
खणातला स्क्रू ड्रायव्हर आखूड आहे,
गुडघ्यांवर बसावं लागलं.
आई दारात आली, पायात लोकरीचे मोजे, दिवा न लावता.
"मग? काय म्हणतोय?"
मी हात वर केला.
थांब. आधी चांगलं ऐकू दे.