वरचं

पहाटे सव्वासहाला तळघरात कुणीच आजारी नसतं.
मी असते, फिनेलचा वास असतो,
आणि टेबलावर अ‍ॅक्रिलिकचा एक गोल ठोकळा,
ज्याला आम्ही डोकं म्हणतो.
त्याच्या मधल्या भोकात पेन्सिलीएवढा चेंबर सरकवते.
तापमान बावीस पूर्णांक चार.
दाबही लिहून घेते. परळच्या हवेचं वजन
हिशेबात धरावंच लागतं.

उपचाराच्या डोसाला राखणदार पुष्कळ:
डॉक्टरची सही, माझी सही, मशीनचा स्वतःवरचा दुहेरी पहारा.
मी मोजतेय तो त्याच्या आधीचा.
कालच्याच जागी आहे ना मान,
तिथेच आहे ना गाठ,
एवढं बघायला रोज काढतात त्या फोटोचा.
लहानसा. मिलिग्रेमधला.
केसपेपरवर त्याला रकाना नाही.

भोईवाड्यात द्रुपदामावशी वाटा बांधून झाला
की वर एक बोंबील टाकते. मागावा लागत नाही.
"वरचं हाय गो," म्हणते,
आणि घर येईपर्यंत मी श्रीमंत असते.

इथलं वरचं परत करता येत नाही,
मांजरालाही घालता येत नाही.

पडद्यावर सोळा पूर्णांक दोन.
चेंबर म्हणतो अठरा पूर्णांक नऊ.
पुन्हा घेतलं. अठरा पूर्णांक नऊ.
केबल बदलली, ठोकळा लेझरच्या हिरव्या रेषेत आणला.
अठरा पूर्णांक आठ.
तेवढंच काय ते औदार्य.

रविवारी नवी ट्यूब बसली होती.
इंजिनियरला विमान गाठायचं होतं,
पडद्याला जुनंच पाठ राहिलं.

डॉक्टर सबनीस फोनवर जांभई देत म्हणाले,
"उपासनी, चोपन्न ग्रे देतोय आपण त्या पोरीला.
दोन-तीन मिलिग्रेचं काय घेऊन बसलीस?"

खरंच, काय घेऊन बसलेय.
दोन पूर्णांक सात गुणिले तीस दिवस, एक्याऐंशी.
हा आकडा भाजत नाही,
केस गळत नाहीत याने.
पण चोपन्न ग्रे गाठीचे आहेत;
हे गळ्याला, डोळ्यांना,
जिथे काहीही झालेलं नाही तिथे.
तक्रार घेऊन कुणी येणार नाही. आलंच चाळीस वर्षांनी,
तर या खुर्चीत मी नसेन.

साडेआठची अनिशा डाबरे, वय सात, वसई.
नऊ वाजले तरी बाकावर, सुकेळी चघळत.
मांडीवर तिचा जाळीचा मुखवटा,
त्यावर ग्लेनने रंगवलेलं फुलपाखरू.
आई उठून उभी राहते:
"मशीन बिघडलं का, मॅडम?"
नाही, म्हणते. मोजतेय.
हे उत्तर तिला पुरत नाही, दिसतं मला.

अनिशाला दुसरीच काळजी.
रोज फोटोच्या वेळी ती मुखवट्याच्या आत हसते,
जबडा हलू न देता, तिने शोधलंय कसं ते.
"कालचा चांगला आला होता ना?"

आला होता, म्हणते.
तारखेपुढे दोन्ही आकडे लिहिते.
पेन दाबून.