जमा पॉइंट

बिटको चौकात, रसवंतीला लागून
आमचं दुकान, दहा बाय आठ.
चार स्क्रीन, एक पंखा, काउंटरमागे मी.
दर पंधरा मिनिटांनी सोडत.
मधल्या वेळात माणसं
चहा पितात, आकडे जुळवतात,
नाहीतर नुसती छताकडे बघतात.

दिवाळीपासून मशीन बोनस देऊ लागलं.
शंभराच्या तिकिटाला चार पॉइंट,
रोज आलात तर सहा.
सलग एकवीस दिवस आलात
की पावतीच्या डोक्यावर चांदणी.
एक दिवस चुकला, की पुन्हा एकपासून.
मालक म्हणाले होते,
"उपास मोडल्यासारखं वाटलं पाहिजे गिऱ्हाइकाला."

दौलत बोराडेंचा उपास कधी मोडला नाही.
नोट प्रेसमधून रिटायर.
छत्तीस वर्षं कोऱ्या नोटांचे ताव तपासलेले,
फुटलेली शाई, केसभर सरकलेला आकडा
लांबून दिसायचा त्यांना.
इथलं तिकीटही आधी उजेडाकडे धरायचे,
मग खिशात.
हरलेलं तिकीटसुद्धा चौघडी घालून.
"छपाई हलकी आहे पोरी,
आमच्याकडे ही बाद झाली असती."

धाकटीच्या साखरपुड्यादिवशी आले
कपाळाला कुंकू, केसांत दोन अक्षता.
"एकशे बारावा दिवस. तुटायला नको."
तापात आले, रिक्षा चालू ठेवून.
नंबर टाकला की स्क्रीनवर यायचं:
'या दौलतजी, तुमचीच वाट पाहत होतो.'
हे वाक्य कुठल्या गावच्या कुणी लिहिलं,
मला माहीत नाही.
ते मात्र दर वेळी मान लववायचे,
स्क्रीनला.

मग आलेच नाहीत.
तिसऱ्या दिवशी मशीननं आपणहून मेसेज धाडला:
'तुमची आठवण येते. आज आलात तर दुप्पट.'
सातव्या दिवशी तिप्पट.

पुढच्या महिन्यात मथुराबाई आल्या.
रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून
त्यांचं कार्ड काढलं, पदरानं पुसलं.
"दहाव्याला घाटावर
कावळा शिवायला तयार नव्हता.
सगळे गप्प उभे.
आणि पोराच्या खिशात यांचा फोन वाजला,
तुमचा मेसेज. वाट पाहतोय म्हणून."

मी काही बोलले नाही.
काय बोलणार.

"किती साठलेत यांचे?"
"चार हजार तीनशे दहा."
"रुपये?"
"पॉइंट."
मी मनात सहानं भागलं,
शंभरानं गुणलं,
बहात्तर हजारांच्या आसपास आलं,
ते सांगितलं नाही.
"त्यात वाणसामान येईल?"
"तिकीट येईल, काकू. इथंच.
महिनाअखेरपर्यंत, नाहीतर मुदत संपते."

त्या बाकड्यावर बसल्या.
मागे कुणीतरी म्हणालं, लवकर आटपा, सोडत लागेल.
"प्रेसच्या गेटवर रोज झडती व्हायची,"
त्या कुणाकडेच न बघता बोलत होत्या.
"रोज खिसे उलटे करून दाखवायचे,
मगच घरी.
एवढा पैसा हातातून गेला,
नखाएवढा कपटा कधी घरी आला नाही.
यायलाच नको होता, ते बरोबरच.
पण मला वाटलं होतं,
हे तुमचं दुकान तसं नसेल."

सव्वाचारची सोडत लागली.
त्रेसष्ट.
कुणी टेबलावर हात मारला, कुणी शिवी हासडली,
बाई केव्हा उठल्या ते कळलं नाही.
कार्ड काउंटरवर राहिलं होतं.

त्या रात्री खातं बंद करायला गेले.
मशीननं कारण विचारलं,
खाली तीन पर्याय:
खेळ आवडला नाही.
दुकान लांब पडतं.
पुन्हा येईन.

गुरुवारी त्यांचा वाढदिवस होता.
पन्नास पॉइंट आपोआप जमा झाले,
चांदणीसकट पावती सरसरत बाहेर आली.
मी ती ट्यूबलाइटकडे धरली.
कडेला शाई फुटली होती.
बाद करायची कशी,
ते त्यांनी मला शिकवलं नव्हतं.
पुढचा माणूस नंबर सांगत होता,
मी टाकत होते.