उत्तरेची खिडकी

काच काल रात्रीच पुसून ठेवली,
व्हिनेगरने, जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने.
तरी समुद्राचं मीठ कोपऱ्यांत राहिलंच
जावळासारखं.
नोव्हेंबर संपत आलाय. सूर्य डोंगरामागे गेला
तो आता जानेवारीअखेर दिसायचा.
तोवर फ्योर्डच्या या टोकाला पोचतो
त्याचा उष्टा उजेड,
अकरा ते अडीच.

हाल्बयोर्न आला साडेबाराला.
दाढी इतकी घोटलेली
की हनुवटीवर रक्ताचा ठिपका,
कोटाला कपाटाचा वास.
"मेल्यावर रेकयाविकच्या पेपरात छापतात ना," म्हणाला,
"तो फोटो हवाय, स्टेनवर.
भावाचा छापला तो लग्नाच्या घोळक्यातून कापलेला.
खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला.
कुणाचा, यावरून आम्ही अजून भांडतो."

मी छताचा दिवा मालवला.
पिवळं आणि निळं
एका गालावर नांदत नाही.
जमिनीवर खडूची खूण आहे, तिथे स्टूल,
खिडकीपासून दोन हात.
जवळ सरकवलं की निम्मा चेहरा बुडतो,
लांब नेलं की सगळा सपाट, ताटासारखा.
सावलीच्या बाजूला टेकवलं
मासळीच्या खोक्याचं पांढरं थर्मोकोल झाकण.
कॉडचा वास काही केल्या जात नाही त्याचा.
त्याने हुंगलं आणि जरा सैल झाला.

"डावा डोळा अंधारात ठेव."
ब्याऐंशी साली ट्रॉलरची तार तुटली होती.
तेव्हापासून त्यावर साय धरलेली.
मी खांद्याला धरून फिरवलं त्याला,
अजून थोडं,
साय दिसेनाशी होईपर्यंत.

"हातांचं काय करू?"
काही नको करूस.
त्याने ते गुडघ्यांवर ठेवले,
शेजाऱ्याने सांभाळायला दिल्यासारखे.
"श्वास सोड, आणि थांब."
पाव सेकंद. पुन्हा पाव सेकंद.
नऊ वेळा तो थांबला,
नऊही वेळा
कुणीतरी शिक्षा सुनावणार असल्यासारखा.

मग बर्फाचा ढग उतरला पाण्यावर,
उजेड कालवल्यासारखा मऊ झाला,
आणि बाहेर इंजिनाची धडधड.
कुणाची बोट आली ते बघायला
तो सगळाच्या सगळा वळला खिडकीकडे,
विसरून.
सायीच्या डोळ्यात खिडकी उमटली,
चारही तावदानांसकट,
चांगल्या डोळ्यात उमटली नव्हती तितकी स्वच्छ.
माझं बोट आपोआप दाबलं गेलं.

सांगू की नको?
अजून ठरत नाहीये.
रोल धुवायला तीन दिवस आहेत.
दोन प्रिंट काढीन,
एक मागितलेली, एक पाकिटात खाली.

दारात बूट चढवताना म्हणाला, पैसे?
म्हटलं, नंतर दे.
"कशाच्या नंतर?"
आणि हसला, दातांच्या फटी, हिरड्या, सगळं दाखवत.
कॅमेरा हातातच होता.
रोल संपलेला.